तिसरी समज

मिडलबर्ग, आठव्या महिन्याची २०, सन १५९३
(तुमच्याकडे अजून १० असेल)

नाही, गुडघा काही बरा नाही, आणि बरा असता तरी मी तिकडे आलो नसतो. कोणी विचारलं नाही, माहीत आहे. पण पत्राच्या सुरुवातीला लोक तब्येतीचं लिहितात म्हणून लिहिलं. झालं. आता कामाचं.

जेरोम, हे पत्र मी एकटा बसून लिहितोय. पहिली समज अशीच द्यायची असते, एकट्याने एकट्याला. तूच शिकवलंस. चुकलेल्या भावाला आधी एकट्याने गाठून सांगायचं. नाही ऐकलं तर दोन साक्षीदार घेऊन सांगायचं. तरीही नाही ऐकलं तर सगळ्या मंडळीसमोर, आणि मग त्याला तोडायचं. तोडलेल्याबरोबर जेवण नाही, बोलणं नाही, पत्र नाही. तर ही पहिली. आपल्या सायमनला एकदम शेवटाकडे उडी मारायची होती. दिवसभर बटणं करतो, एकाच भोकातून चारदा दोरा ओवतो, तिथे घाई नाही आणि इथे आहे. मी म्हटलं, मंडळीचा वडील मी आहे, क्रमाने जाऊ.

अरे-तुरे करतोय म्हणून चमकू नकोस. आमचा पाळक होतास तोवर अहो-जाहो केलं, वयाने लहान असलास तरी. सरकारी देऊळ मान्य, असं लिहिलेल्या बिशपाच्या कागदावर सही केलीस त्या दिवशी पाळक राहिला नाहीस. नुसता जावई राहिलास. जावयाला मी अरे-तुरेच करणार.

आता काय ऐकलं ते सांगतो. कॉब तांडेल बोटीतून लोकर घेऊन आला होता. म्हणाला, तिकडे समुद्रापलीकडे, नॉरिचच्या अलीकडे कुठल्या खेड्यातल्या देवळात तुला पाहिलं.

"तोच होता," कॉब म्हणाला. "अंगात पांढरा झगा, हातात सरकारी प्रार्थनेचं पुस्तक. पान उलटताना बोटाला थुंकी लावत होता."

मी म्हटलं, "जेरोम थुंकी लावत नाही. दुसरा कोणी असेल."

"म्हाताऱ्या, झगा चढवल्यावर माणूस काय काय करायला लागतो ते तुला काय माहीत?"

मला खरंच माहीत नाही. म्हणून तुला विचारतोय. झगा घातलास? पुस्तकातून प्रार्थना वाचलीस? तुला पानंच्या पानं लिहायची खोड आहे. मला एकच शब्द पाठव, हो किंवा नाही.

मी कशामुळे गोंधळलोय ते सांगतो. पस्तिशी उलटल्यावर मागावरून उठवून तू मला अक्षरं शिकवलीस. तुझ्याच पुस्तकावर. तुरुंगात अंधारात बसून लिहिलेलं, इथे छापलेलं. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं पुरतं वाक्य कोणतं, आठवतं का? 'वाचून म्हटलेली प्रार्थना म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास.' मी तेव्हाच म्हटलं होतं, इतक्या कष्टाने वाचायला शिकलो आणि पहिलंच वाक्य सांगतंय की वाचू नको. तू हसलास. म्हणालास, ह्यूभाऊ, प्रार्थना आतून यायला पाहिजे, कागदावरून नाही. ते मला पटलं. घर विकलं, माग विकला, बोटीत बसलो. आता तू सरकारी पुस्तकातून तोच घास भरवतोयस. मग बोटीत आम्ही कशाला बसलो?

तारखांचाही एक घोळ आहे. तू तिकडे परत गेलास आणि पुन्हा तुरुंगात पडलास हे कळलं तेव्हा सहाव्या महिन्याच्या दहाला आम्ही सगळ्यांनी उपास केला. नंतर ऐकलं, तू सही केलीस तीसुद्धा सहाव्या महिन्याच्या दहालाच. मला वाटलं, इकडे आम्ही उपाशी आणि तिकडे त्याच घटकेला हा सही करतोय. मग आठवलं, इथलं पंचांग तुमच्या दहा दिवस पुढे पळतं. म्हणजे आमचा उपास सुटला, आम्ही पोटभर जेवलो, आणि त्यानंतर दहा दिवसांनी तू सही केलीस. यातलं जास्त वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही. महिन्यांना आकडे द्यायचे, कारण नावं मूर्तिपूजकांच्या देवांची, हे ठीक. पण आपण मार्च पहिला धरतो आणि इथला कारकून जानेवारी. मी आठवा म्हटलं की तो दहावा लिहितो. जाऊ दे.

ऑस्टिनबद्दल या पत्रात लिहिणार नाही. तुझं पुस्तक लोकरीच्या गाठोड्यात लपवून तिकडे नेलं म्हणून माझ्या भावाला फाशी झाली, हे तुला माहीत आहे. पहिली समज शांतपणे द्यायची असते, म्हणून नाही लिहीत.

टॅम्सिन बरी आहे. रडत नाही. सलगम सोलते, बाजारात जाते, तुझ्याबद्दल काही विचारत नाही. तुझी लेक मिल्का चालते, पडते, आणि पडली की डच भाषेत ओरडते.

हो की नाही?

ह्यू फेन


मिडलबर्ग, दहाव्या महिन्याची १८
(तुमच्याकडे ८)

एक शब्द मागितला होता. गठ्ठा आला.

ही दुसरी समज. साक्षीदार म्हणून सायमन आणि विधवा ॲग्नेस शेजारी बसलेत. सायमनचं म्हणणं होतं की बाईमाणूस साक्षीला चालत नाही. ॲग्नेस म्हणाली, "मंडळीने मला विधवेचं काम दिलंय. आजाऱ्यांची उस्तवार माझ्याकडे. जेरोमला झालंय ते आजारपणच आहे." आणि बाकावर बसली. तिला उठवणारा अजून जन्मला नाही.

सायमन म्हणतो, "लिही, त्याने आम्हाला विकलं."

ॲग्नेस म्हणते, "तुला कोण विकत घेतंय, सायमन?"

असं चाललंय. तरी लिहितो.

तू लिहिलंस की हो, झगा घातला. हो, पुस्तकातून वाचलं. आणि का, तर तो मेंढपाळ. मरायला टेकलेला. तू त्याच्यासाठी तुझ्या मनाने प्रार्थना करायला लागलास तर तो नुसता छताकडे बघत राहिला. मग पुस्तकातली म्हटलीस तर ओठ हलवायला लागला. तुझ्या आधी पुढचा शब्द म्हणत होता. तू लिहितोस, 'माझी प्रार्थना त्याने पाहुण्यासारखी ऐकली असती. ही त्याच्या घरची होती.' हे मी वाचलं, परत वाचलं, आणि मागावर जाऊन बसलो. तीन ठिकाणी ताणा तुटला. याला उत्तर काय द्यायचं मला सुचत नाही. सायमनला सुचतं. तो म्हणतो, मेंढपाळाला शिकवायला हवं होतं. मरताना?

पुढे लिहितोस, ते पुस्तक सव्विसाव्या वर्षी लिहिलं, तुरुंगात, जेलरवरच्या रागात. आता मागे घेतोस. पुस्तक मागे कसं घेतात ते मला माहीत नाही, छापखान्याचं काही असेल. ऑस्टिनला कसं मागे घेणार?

शांतपणे लिहायचं ते पहिलं पत्र होतं.

इथे सायमन म्हणाला, "हेही लिही, की त्याच्या जुन्या प्रवचनांनी आमच्या डोळ्यांत अजून पाणी येतं, आणि तोच माणूस बघ."

हे तुला कळवायचं नव्हतं. आता निघालंच आहे. तू गेल्यापासून पाळक नाही. मला बोलता येत नाही, सायमनला बोलू द्यायचं नाही. मग तुझ्या पेटीत तुझी जुनी प्रवचनं सापडली, ती सायमन दर आठवड्याला शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी वाचून दाखवतो. माग भिंतीला सरकवतो, बाकं मांडतो, सायमन उभा राहतो आणि तू बोलतोस, असं वाटतं. बरं चाललं होतं.

ॲग्नेस एकदम ताठ झाली. म्हणाली, "थांब. कागदावरून वाचतोय आपण?"

सायमन म्हणाला, "प्रवचन वेगळं, प्रार्थना वेगळी."

"आणि शेवटी ज्याला आमेन म्हणतो ते काय असतं? ती प्रार्थनाही त्याच कागदावर असते. तू डोळे मिटल्याचं सोंग करतोस आणि एक उघडा ठेवून वाचतोस. मी बघितलंय."

"प्रार्थनेच्या वेळी तुझे डोळे का उघडे होते?"

"तुझ्यावर लक्ष ठेवायला."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोक्यात इतके दिवस हे का आलं नाही? वाचलेली प्रार्थना नको म्हणून समुद्र ओलांडला, आणि इथे येऊन वर्षभर तुझा चावलेला घास खातोय, तोही शिळा. आणि तुला समज कशाची देतोय, तर वाचल्याची. मग कोणी कोणाला तोडायचं? मी हे मोठ्याने विचारलं. सायमन म्हणाला, आपण चूक कळल्यावर थांबतोय, तो थांबत नाही, हा फरक. ॲग्नेस म्हणाली, "आपल्याला कळून घटका नाही झाली. लगेच फरक पडला का?"

फरक आहे असं मला वाटतं. सकाळी वाटतो तेवढा संध्याकाळी वाटत नाही.

टॅम्सिन ताक घेऊन आली. ऐकत होती बहुतेक. भांडं ठेवलं आणि विचारलं, "बाबा, त्याला तोडलं तर मी कोणाबरोबर जेवायचं?"

सायमनने तुझं पुस्तक काढलं. त्याला पान पाठ आहे. तोडलेल्या माणसाच्या टेबलावर त्याच्या बायकोनेही बसू नये, बसली तर तीही तुटली, असं तू लिहिलंयस.

टॅम्सिनने पुस्तक घेतलं, तो मजकूर शांतपणे पाहिला आणि परत दिलं. "हे लिहिलं तेव्हा त्याचं लग्न झालं नव्हतं. तेव्हा त्याला स्वतःची लापशीसुद्धा करता येत नव्हती. जेवणाबद्दल याला काय कळतं?"

ॲग्नेस हसली. साक्षीदाराने हसायचं नसतं.

तर दुसरी समज अशी. वारा सुधारला की इकडे ये, मंडळीसमोर उभा राहा, चुकलो म्हण. तुझ्या मनाने म्हण, वाचून नको. आम्हीही आमचं म्हणू, कारण आता आम्हालाही म्हणायला लागणार आहे. मग सगळे बसून जेवू.

मिल्काने शेजारच्या पोरांचं बघून खिडकीत बूट ठेवला होता. इथली पोरं त्यांच्या त्या निकोलस संतासाठी ठेवतात. सकाळी बुटात मधाचा केक. शेजारीण टाकून गेली असणार. मूर्तिपूजेचं अन्न म्हणून टाकायचं, की अन्न टाकू नये म्हणून खायचं, यावर माझा निर्णय होईना. तेवढ्यात ॲग्नेसने खाऊन टाकला. मिल्का मात्र दिवसभर ओरडत होती.

ह्यू फेन
सायमन ग्रेव्ह
ॲग्नेस डार्बी (सहीच्या जागी फुली, पण तिचीच)


मिडलबर्ग, बाराव्या महिन्याची २४
(तुमच्याकडे १४. आणि सन इथे ९४ लागलं, तुमच्याकडे ९३ च. आता आपलं वर्षसुद्धा एक राहिलं नाही.)

येणार नाहीस, हे कळलं. उगीच गोड बोलत बसला नाहीस, एवढं बरं केलंस.

टॅम्सिन आणि मिल्काला पाठवा म्हणतोस. खेड्यात घर आहे, मागे सफरचंदाची झाडं आहेत. झाडांचं मला कशाला लिहिलंस? मी काय झाडांसाठी नाही म्हणतोय?

आता इथे काय झालं ते सांगतो. अधेमधे विचारू नकोस.

तिसरी समज मंडळीसमोर द्यायची म्हणून शब्बाथला सगळे जमले. तुझं नाव घेऊन मी विचारलं, जेरोम वायथ, उत्तर देतोस का? कोणी उत्तर दिलं नाही. तू नव्हतास, कोण देणार? तरी तसं विचारायचं असतं. सगळ्यांनी हात वर केले, की तोडावं. ॲग्नेसने केला. सर्वांत उशिरा केला, पण केला. टॅम्सिनला कोणी विचारलं नाही. ती मिल्काला मांडीवर घेऊन मागे बसली होती.

आता तोडण्याचे शब्द उरले. ते मंडळीच्या वडिलाने म्हणायचे. म्हणजे मी. सायमनने लिहून आणले होते. चांगल्या कागदावर, वळणदार. सैतानाच्या हवाली करतो वगैरे सगळं होतं. माझ्या हातात दिला. मी कागद बघितला. तो हातात धरला की मी कोण होतो, आणि झगा घालून उभा राहणारा कोण होता? दोघं सारखेच दिसायला लागले. मी कागद शेगडीत घातला.

सायमन ओरडला, "अरे, सकाळपासून लिहीत होतो!"

मी म्हटलं, "निदान हे तरी चावलेलं नको. आत्मा देईल ते शब्द म्हणतो."

आणि उभा राहिलो.

शब्द आले नाहीत, जेरोम.

मी तोंड उघडलं. मिटलं. बाहेर कालव्यावर पोरं बर्फावरून घसरत होती, त्यांचा आरडाओरडा येत होता. शेगडीतली जळाऊ मातीची ढेपळं फुटत होती. मी 'जेरोम' म्हटलं आणि पुढे काही नाही. सायमन हळूच म्हणाला, "म्हण ना. 'आम्ही तुला तोडतो.' एवढंच तर आहे."

ॲग्नेस म्हणाली, "ढोसू नको त्याला. तू म्हाताऱ्याला नाही, आत्म्याला ढोसतोयस."

सायमनने हात मागे घेतला.

शब्द आल्याशिवाय बोलायचं नाही. आला नाही म्हणून कागद धरायचा नाही. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. हे सगळं तुझंच. तू नियम केलेस तेव्हा असं कधी अडेल हे ध्यानात घेतलं नव्हतंस. गुडघा ठणकायला लागला तरी मी उभा होतो. शेगडी विझली. कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं, त्याची आई उठली, मग एकेक करत सगळेच उठले आणि घरी जेवायला गेले. तुला तोडलं नाही. जोडलेलाही नाहीस. काय आहेस ते मला कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

पुढच्या शब्बाथला पुन्हा उभा राहिलो. पुन्हा तेच. सायमन माझ्याशी बोलेनासा झाला. बटणं जोरात ठोकतो, मला ऐकू येतील अशी.

त्या आठवड्यात टॅम्सिन माझ्या मागापाशी आली. कपडे आवरत होती, हे मी बघितलं होतं आणि बघितलं नाही असं धरलं होतं.

"बाबा, अजून तोडलं नाही ना?"

"नाही."

"म्हणजे आज तो मंडळीतला भाऊच."

"आज आहे."

"मग भावाच्या टेबलावर बसले तर मी तुटत नाही."

"आज बसलीस तर नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचं आत्म्याला विचार. मला काय विचारतेस?"

ती थोडा वेळ उभी राहिली. तिला तिच्या आईची खोड आहे, उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. मग म्हणाली, "मुद्दाम गप्प राहिलात का?"

मी म्हटलं, "धोटा अडकलाय. उजेड सोड."

ती बाजूला झाली.

ऑस्टिन माझा धाकटा. तो फासावर गेला तेव्हा त्याच्याजवळ तुझं पुस्तक होतं, आणि त्याला वाचता येत नव्हतं. हे तुला कधी सांगितलं होतं का? त्याला नुसतं न्यायचं होतं. त्याने काय नेलं, हे तू ठरवायचंस आणि मग बदलायचंस, याचा मला राग येतो. आणि त्या मेंढपाळाचे ओठ हलले, हेही डोक्यातून जात नाही. दोन्ही एकदम डोक्यात असतात. मी विणकर आहे, मला उभा धागा आणि आडवा धागा ठाऊक. हे दोन्ही उभेच आहेत. कापड होत नाही.

कॉब फ्लशिंग बंदरात वाऱ्याची वाट बघत होता. आज निरोप आला, उद्या निघतो. हे पत्र टॅम्सिनच्याच हाती देतोय. सोबत एक घोंगडी आहे, माझ्या मागावरची. कडेला वीण सैल पडलीय, गेल्या महिन्यात हात नीट चालत नव्हता. एक चीज आहे, बोटीत उंदरांपासून जप म्हणून तिला सांगितलंय. मिल्काचे बूट नवीन आहेत. खिडकीत ठेवायला लागली तर तुझं तू बघ.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, टॅम्सिन तुझ्याबद्दल काही विचारत नाही. रोज विचारत होती.

येत्या शब्बाथला मी परत उभा राहणार आहे. शब्द आले तर म्हणणार. तुला आधीच सांगून ठेवतोय, म्हणजे फसवलं असं वाटायला नको. ती तुझ्या टेबलावर पोहोचेल तेव्हा तू कोण असशील, मला माहीत नाही.

तिला लापशीत मीठ जास्त लागतं. विसरला असशील.

ह्यू फेन


मिडलबर्ग, पहिल्या महिन्याची १५
(तिकडे ५)

मिल्का, हे पत्र तुला.

तू अडीच वर्षांची. मंडळीत येताना सही करतात त्या करारावर तुझं नाव नाही, त्यामुळे तुला कोणी तोडू शकत नाही आणि तुझ्याशी बोलायला मला बंदी नाही. सायमनला विचारलं. त्याने पुस्तक चाळलं, असं काही लिहिलेलं सापडलं नाही. तुला वाचता येत नाही, त्याला माझा इलाज नाही. कोणीतरी वाचून दाखवेल. जो वाचेल त्याने नुसतं वाचावं. मी त्याच्याशी बोलत नाहीये.

तुम्ही गेल्यानंतरच्या शब्बाथला आजोबा उभे राहिले आणि शब्द आले. असे आले की थांबवता येईनात. कोणाला तोडायचं, कशासाठी तोडायचं, सगळं आलं. तुझ्या ऑस्टिन आजोबाचं नाव आलं, ते घ्यायचं मी ठरवलं नव्हतं. शेवटी सायमनने बाही ओढून खाली बसवलं. म्हणाला, "पुरे, ह्यूभाऊ. एकदा तोडलं की झालं. इतके तुकडे करायचे नसतात." म्हणजे सायमन मला आवर म्हणाला. असे दिवस आलेत.

बरं वाटलं का? नाही. वाईट वाटलं का, तर तेही धड नाही. नुसता घाम आला होता. घरी आलो आणि सवयीने तुझी वाटी काढून ठेवली. मग परत आत ठेवली.

तुझ्या बापाचे कागद आता वाचत नाही. ॲग्नेसने चुलीत घातले. शब्बाथला सायमन आपल्या मनाने बोलतो. गेल्या वेळी बटणांवर बोलला. देव शिंपल्याचं बटण करतो आणि माणूस हाडाचं, असं काहीतरी. लोक ऐकतात. आतून आलेलं आहे, काय करणार? कागद जळले, पण ते घासाचं वाक्य काही जळत नाही. मागावर बसलो की धोट्याबरोबर येतं आणि जातं. ते खरं असेल तर त्या मेंढपाळाचे ओठ कशाने हलले, असं मी त्याला विचारतो.

अजून एक झालं. सायमन म्हणाला, "आता टॅम्सिनचं काय? ती तोडलेल्याबरोबर जेवतेय. तिला पहिली समज द्यायला पाहिजे."

मी म्हटलं, "पाहिजे. क्रमाने जाऊ. पहिली समज एकट्याने गाठून द्यायची असते, आणि वडील मी आहे. माझा गुडघा बघतोयस ना? मला समुद्र ओलांडता येत नाही."

"मग पत्र लिही."

"पत्र चालत नाही. समोर गाठावं लागतं."

"जेरोमला तर पत्रानेच दिली होतीस!"

"तेव्हा चुकलं."

सायमनने पुन्हा पुस्तक उघडलं. ॲग्नेस म्हणाली, "त्याला ढोसू नको." तर तुझ्या आईची पहिली समज माझ्या गुडघ्यावर थांबलीय. पहिलीच झाली नाही तर दुसरी कुठून होणार? गुडघा बरा होण्याची लक्षणं नाहीत. हे आईला वाचून दाखवायला हरकत नाही. तिच्याशी बोलायला मला अजून तरी बंदी नाही.

शेजारच्या बाईने तुझ्याबद्दल विचारलं. मी हातवारे करून सांगितलं, समुद्रापलीकडे. तिने मधाचा केक दिला. मी खाल्ला. कोणत्या संताचा होता ते विचारलं नाही.

सफरचंदाच्या झाडावर चढू नकोस. चढलीस तर पडशील, आणि तिकडे डच भाषेत ओरडून कोणाला कळणार नाही.

आता एक. तुझा बाप तुला विचारायला लावेल. त्याला मी ओळखतो, त्याला उत्तर लागतं. तो विचारेल, की त्या दोन शब्बाथांना आजोबांची जीभ खरोखर अडली होती, की टॅम्सिन बोटीत बसेपर्यंत त्यांनी ती अडवून धरली होती. तुझ्या आईनेही हेच विचारलं होतं. ॲग्नेसनेही विचारलं. सायमन विचारत नाही, तो ठोकतो.

त्यांना सांग, आजोबांना विचारलं. सांगणार नाही म्हणाले.